बावीस नंबरची डावी बाजू

'डावीकडून ही बाई घाबरलेली दिसते. उजवीकडून नाही. तपासावे.'

बावीस नंबरच्या फोटोखाली, शेऱ्याच्या रकान्यात एका परीक्षकाने एवढंच लिहिलं होतं. मला राग आला. त्वचा किती घट्ट झाली याचे शून्य ते चार असे गुण मागितले होते, चेहरा वाचायला कुणी सांगितलं नव्हतं. मी दुसऱ्या परीक्षकाचा कागद उघडला. 'डावी भुवई आतल्या कोपऱ्यात वर गेलेली, ओठ आत ओढलेला. रुग्णाला वेदना आहे का?' तिसऱ्या बाईंनी डाव्या बाजूला साडेतीन गुण दिले होते, म्हणजे उत्तमच, आणि खाली लिहिलं होतं, 'कुणीतरी हिच्याशी बोला.' हे तिघं तीन वेगळ्या गावांतले डॉक्टर, एकमेकांना ओळखतही नव्हते.

मी फोटो मोठा केला. त्या शालन मावशी होत्या, अकरा वर्षं माझ्याच दवाखान्यात काम करणाऱ्या.

मी डॉ. हेमांगी देवस्थळी. सांगलीत, विश्रामबागेत माझा त्वचेचा दवाखाना आहे. आमचा भाग बेदाण्याचा. द्राक्षाचा बेदाणा इथे कुणीही करतो, बेदाण्याचं द्राक्ष करून मागायला लोक माझ्याकडे येतात, असं मी चारचौघांत म्हणायची आणि लोक हसायचे. मला लोकांना हसवता येतं. पुढे जे सांगणार आहे ते सांगताना मात्र मला हसवायचं नाही. २०३८ सालच्या त्या चार महिन्यांची आठवण झाली की आजही माझी मान आपोआप खाली जाते.

आधी चाचणी कसली होती ते सांगते.

सुरी न लावता कातडी ताणून देतो म्हणणारी यंत्रं गेल्या तीसेक वर्षांत पुष्कळ आली. जाहिरात बाजूला काढली तर जुन्या यंत्रांत मुख्य काम उष्णतेचंच असतं. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. वयाबरोबर ते विरळ होतात, सैल पडतात. रेडिओफ्रीक्वेन्सीच्या यंत्राने त्वचेतून वीज खेळवतात आणि तो थर तापवतात. अल्ट्रासाऊंडच्या यंत्राने ध्वनिलहरी एका बिंदूवर आणतात, चारेक मिलिमीटर खोल, आणि तिथे साठ-पासष्ट अंशांचे बारीक चटके देतात. वरची कातडी शाबूत राहते. चटका बसला की आतले धागे आखडतात आणि शरीर दुरुस्तीला लागून नवे धागे तयार करतं. त्याला तीन महिने लागतात. पहिली पद्धत सोसायला सोपी पण परिणाम पुसट, दुसरीचा परिणाम बरा पण हाडाजवळ ती चांगलीच दुखते. फरक दोन्हींत पडतो, पण जाहिरातीतल्या बाईइतका कुणालाच पडत नाही. हे मी प्रत्येकीला सांगायची आणि प्रत्येकजण ते न ऐकता खुर्चीत बसायची.

पुण्यातल्या एका लहान कंपनीचं 'वीण' हे यंत्र निराळं होतं. त्यात चटका नव्हता. गालावर चिकटवलेल्या पट्टीतून एक एन्झाइम आत सोडायचं, ते जुन्या धाग्यांमधल्या गाठी सैल करतं. मग ठरावीक रंगाचा प्रकाश टाकला की त्वचेतल्या पेशी धागे नव्याने विणायला घेतात. धागा कुठल्या दिशेला टाकायचा हे पेशींना ओढीवरून कळतं. त्वचा ज्या दिशेने जास्त वेळ ताणलेली, त्या दिशेने विणकाम जास्त. एकवीस दिवसांत ते बसतं आणि मग वर्षानुवर्षं टिकतं. चेहऱ्याचे स्नायू कातडीला दिवसभर सावरून धरत असतात, तेव्हा नवे धागे त्या सावरणाऱ्या रेषांवरच पडतील, असा कंपनीचा अंदाज होता. अंदाज खरा होता. फक्त त्यांच्या पहिल्या चाचणीतल्या बायकांनी तीन आठवडे सुट्टी काढून आराम केला होता. सांगलीच्या बायका दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला गेल्या.

आम्हाला दोन पद्धतींची तुलना करायची होती. दोन वेगळ्या बायकांची तुलना करण्यात अर्थ नसतो, एकीचं कातडं जाड, दुसरीचं पातळ. म्हणून एकाच चेहऱ्याच्या दोन बाजू घेतात. पंचेचाळीस ते पंचावन्न वयाच्या चोवीस बायका, उजव्या गालावर अल्ट्रासाऊंड, डाव्या गालावर वीण. शिवाय दोन्ही कानांमागून गालापर्यंत कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ पट्टी लावलेली. त्वचा कधी, किती ताणली गेली याची ती मिनिटामिनिटाला नोंद ठेवायची. परीक्षकांचे गुण हातात येईपर्यंत या नोंदी उघडायच्या नाहीत असा नियम होता, नाहीतर बघणाऱ्याचं मन आधीच कलतं.

चाचणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बावीस नंबरच्या बाईंनी नकार कळवला. मी हात धूत होते. शालन मावशी टॉवेल घेऊन उभ्या होत्या.

"मावशी, तुमचं वय किती?"

"एकुनपन्नास, मॅडम."

"झालं तर मग. उद्यापासून तुम्ही बावीस नंबर."

"म्हंजी काय करायचं?"

"काही करायचं नाही. बसायचं. फुकटात तरुण व्हाल."

त्यांनी संमतीपत्रावर औषधांच्या ट्रॉलीवरच सही केली. बारा पानांचं पत्र मी दोन मिनिटांत समजावलं. हाताखालच्या माणसाला चाचणीत घेऊ नये असा स्पष्ट नियम आहे, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. हा नियम मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवलेला आहे. त्या दिवशी मला तो आठवला नाही असं नाही. आठवला, आणि शालन मावशी काय परक्या आहेत का, असं म्हणून मी तो बाजूला सारला. दवाखान्यातल्या आयाबाईला आपल्याकडे सगळे मावशीच म्हणतात. शालन माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान.

तर परीक्षकांचे शेरे वाचून मी मावशींना आत बोलावलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. उजवी बाजू साधी, थोडी ओघळलेली, चारचौघींसारखी. डाव्या बाजूची कातडी चाळिशीची दिसत होती, पण भुवईचा आतला कोपरा वर चढलेला, पापणी उचललेली, ओठाची कड आत दबलेली. रट्टा बसायच्या आधी मूल जसं दिसतं तशी ती बाजू दिसत होती. हे आपल्याला आधी कसं दिसलं नाही याचं मला नवल वाटलं. पण कामाच्या गडबडीत माणूस कुठे कुठे बघणार.

"कधीपासून हे?"

"दोन म्हैने झालं की. नात माझ्या उजव्या अंगालाच बसतीया. हिकडं बसवली की म्हनती, आजी, तू भ्यालीस."

"आणि गल्लीतल्या बायका?"

मावशी जमिनीकडे बघत राहिल्या. "बोलत्यात. मालकांनी हात उचलला म्हनत्यात."

"खरं सांगा. नवरा मारतो का?"

"न्हाई ओ मॅडम."

त्यांनी मान वर केली नाही आणि मी मनात निकाल देऊन टाकला. मारतोच. बायका असंच म्हणतात. पेशी खोटं बोलत नाहीत, तीन आठवडे ही बाई घरी जीव मुठीत धरून बसलेली असणार. काही फोटोंचे गुण यायचे होते, त्यामुळे नोंदी उघडायला अजून चार दिवस होते. मला चार दिवस थांबवेना. अन्यायाची चीड आली होती, आणि ती चीड अंगावर चांगल्या साडीसारखी मिरवायची मला सवय होती.

दुसऱ्या दिवशी, मावशी दवाखान्यात आहेत याची खात्री करून मी त्यांच्या घरी कुपवाडला गेले. दोन खोल्यांचं घर, पुढे पायऱ्या. आनंदा गुरव ओट्यावर बसून बेदाणा निवडत होते, एका सुपात पिवळा, एकात काळपट. पूर्वी हळदीच्या पॉलिशच्या कामावर होते, गुडघे गेल्यापासून घरीच. मला बघून ते भिंतीला धरून उठले.

"मॅडम? शालनला काय झालं का?"

"काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे, आनंदराव."

मी बसले नाही. उभ्यानेच बोलले. कायदा सांगितला, शिक्षा किती वर्षांची ते सांगितलं, शालन मावशींच्या पाठीशी मी आहे हे सांगितलं. आवाज चढवला नाही. आवाज चढवणं मला कमीपणाचं वाटतं, शहाण्याला शब्दाचा मार पुरतो असं माझं ब्रीद होतं. पण समोरच्या दारात दोन बायका उभ्या राहिल्या, मग चार झाल्या, आणि त्यांना सगळं नीट ऐकू जावं असं माझं बोलणं होतं हे मी नाकारत नाही.

आनंदा ऐकत राहिले. हातात बेदाण्याची मूठ तशीच होती.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "म्या काय केलं त्ये सांगा, म्हंजी बंद करतो."

"ते तुम्ही स्वतःला विचारा."

"लई इचारलं. रोज इचारतो. ती भाजी चिरत आसली, आन् मदीच हिकडं बगितलं की तसलं त्वांड दिसतंय. म्हनून ती यायच्या टायमाला म्या भाईरच बसतो आता. समोर नगो म्हनून. जेवान बी तीच करायची पयल्यांदा, आता म्याच करून ठिवतो."

मी मनात म्हटलं, मानभावी आहे. आणि गाडीत बसले.

चार दिवसांनी नोंदी उघडल्या. नोंदी सांभाळायचं काम नाझनीन मुजावरकडे होतं. सत्तावीस वर्षांची, मिरजेची मुलगी, आकड्यांत हुशार आणि बोलायला मोजकी. तिने बावीस नंबरचे एकवीस दिवस पडद्यावर एकाखाली एक लावले. प्रत्येक दिवसाची एक रेघ. रेघ खाली म्हणजे चेहरा सैल, वर म्हणजे भीतीचे स्नायू ताणलेले.

"घरचे तास बघ," मी म्हटलं. "संध्याकाळी सातच्या पुढे."

"घरी खालीच आहे, मॅडम. सगळे दिवस."

खरंच खाली होती. संध्याकाळ सपाट, रात्र सपाट, पहाट सपाट. सकाळी दहाला दहा कमी असताना रेघ उठायची आणि दिवसभर दातेरी होत राहायची. साडेसहाला पुन्हा खाली. रविवार तिन्ही सपाट.

"दवाखान्यात कुणी त्रास देतं की काय," मी म्हटलं. "तो नवा वॉर्डबॉय असेल."

नाझनीनने दुसऱ्या आठवड्यातले बुधवार, गुरुवार, शुक्रवार फक्त बोटाने दाखवले. दवाखाना चालू होता, मावशी कामावर होत्या, वॉर्डबॉयही होता. तिन्ही रेघा रविवारसारख्या होत्या.

"या तीन दिवसांत तुम्ही कुठे होता, मॅडम?"

"हैदराबादला. परिषदेला."

ती पडद्याकडे बघत राहिली. माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचे माझ्यावर उपकार. मग तिने पाणी आणायला जाते म्हणून दार लोटून घेतलं.

खरं तर मला एवढ्यावर थांबता आलं असतं. पण माझा स्वतःवर विश्वास बसेना. मी कधी मावशींना अरे-तुरे केलेलं नाही. दिवाळीला साडी देते. नातीच्या बारशाला गेले होते. माझ्या टेबलावर एक लेखनिक यंत्र असतं. मी रुग्णाशी बोलते ते ऐकून ते केसपेपर लिहितं, आणि रुग्णाशी संबंध नसलेली वाक्यं गाळतं. गाळलेली वाक्यं वेळेसकट बाजूला साठून राहतात, ती कधी कुणी उघडत नाही. मी उघडली. त्या एकवीस दिवसांतली, 'मावशी' शब्दाने सुरू होणारी.

'मावशी, डोकं घरी ठेवून आलात का आज?' १०.०४. 'मावशी, हा ट्रे कुणी लावला? असं वाटतंय म्हशीने लावलाय.' ११.१२. रुग्ण हसल्याची नोंद. 'मावशी, तुम्हाला एकदा सांगून कळलं तर सांगलीत साखर वाटेन.' १२.४०. 'राहू द्या मावशी, तुमच्या आवाक्याबाहेरचं आहे ते.' ४.२५. 'मावशी, उद्या अंघोळ करून या म्हणजे झोप उडेल.' ५.५०. पुन्हा रुग्ण हसल्याची नोंद.

एकशे सदुसष्ट वाक्यं होती. मी ती वेळा घेऊन रेघेशी लावून बघितली. प्रत्येक वाक्यावर एक दाता होता. त्यातली अर्धी तर मी रुग्णाला हसवायला बोलले होते, खुर्चीतल्या बाईची भीती जावी म्हणून. एकीची भीती घालवायला दुसरीच्या तोंडावर ती आणून ठेवत होते. यंत्राने ही वाक्यं निरर्थक म्हणून गाळली होती आणि मीही तेच केलं होतं. एका गोष्टीने मी फार खजील झाले. त्यातलं एकही वाक्य मला बोललेलं आठवत नव्हतं.

मावशींचा चेहरा दुरुस्त होण्यासारखा होता. पहिल्या उपचारापासून एकशेवीस दिवसांच्या आत गाठी पुन्हा सैल करायच्या, पुन्हा प्रकाश टाकायचा, आणि एकवीस दिवस त्या बाईला निवांत राहू द्यायचं. त्यासाठी चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या समितीची परवानगी हवी, आणि परवानगीच्या अर्जात 'असं का झालं' असा रकाना होता. मी कंपनीच्या सबनीसांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. मी सगळं सांगितलंही नव्हतं, 'एका बाईला सतत ताण होता' एवढंच.

"घरगुती ताण असं लिहा, मॅडम," ते म्हणाले. "दोन शब्दांत काम होईल. बाकी तेवीस जणींत वीण अल्ट्रासाऊंडच्या दीडपट चांगली ठरली आहे. एका केससाठी सगळं अडकायला नको. आणि हाताखालच्या बाईला घेतलंत तो विषयसुद्धा मग निघणार नाही."

मी लिहिलं. 'घरगुती ताण.' लिहिताना माझा हात थरथरला नाही. थरथरला असता तर आज सांगायला तरी बरं वाटलं असतं. माझ्या मनात तेव्हा एकच विचार होता, चेहरा बरा होतोय ना, मग कारण काय लिहिलंय याला कोण विचारतो. आणि गल्ली तर तसं मानतच होती.

अर्जावर बाईची सही लागते. दुपारी रुग्ण संपल्यावर मी मावशींना खुर्चीत बसवलं आणि कागद पुढे केला. त्या सातवी शिकलेल्या. बोट फिरवत वाचू लागल्या.

"नुसती सही हवी आहे, मावशी. चेहरा पुन्हा नीट करायचा ना?"

बोट एका जागी थांबलं. "घरगुती म्हंजी कुनाचं?"

"कुणाचं असं नाही. लिहायची पद्धत असते."

"पर वाचनारा काय समजंल?"

मी पेन त्यांच्याकडे सरकवलं.

"वाचनारा म्हननार, नवरा." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. डाव्या बाजूला ती बसलेली भीती होती, आणि आता उजवी भुवईही तशीच वर चढली होती. "म्या न्हाई सही करनार."

अकरा वर्षांत त्या मला प्रथमच नाही म्हणत होत्या.

"मग चेहरा असाच राहील, मावशी. दिवस थोडे आहेत."

"ऱ्हाऊ द्या. त्येंचं नाव न्हाई जाऊ द्यायचं. तुमी घरी येऊन बोलून गेल्यापास्नं त्यो मानूस पायरीवर बसून जेवतोय. गल्लीत कुनी बोलंना त्येच्यासंगं. माझ्याम्होरं येत न्हाई. आवो, तीस वर्सं संसार केलाय, मला येकदा 'तू' म्हनून वरडला न्हाई त्यो."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. उठले नाही. म्हटलं, एवढं तरी करू.

"मावशी, हे तुमच्या घरामुळे झालेलं नाही. माझ्यामुळे झालंय. नोंदी बघितल्या मी. तुम्ही मला घाबरता."

मी हे असं सांगितलं, जणू मोठं गुपित फोडते आहे.

"त्ये मला ठाव हाय की," मावशी म्हणाल्या.

"ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत? मी विचारलं होतं तुम्हाला."

"तुमी कुठं इचारलं? 'नवरा मारतो का' येवढंच इचारलं. त्येचं उत्तर दिलं म्या."

मी अर्ज फाडला आणि दुसरा लिहिला. कारणाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, आणि हाताखालच्या बाईला घेतल्याचंही लिहिलं. एकशे सदुसष्ट वाक्यं सोबत जोडली.

समितीने मावशींच्या उपचाराला परवानगी दिली, पण माझ्या देखरेखीखाली नाही. मिरजेतल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे. एकवीस दिवसांची भरपगारी रजा, आणि त्या काळात माझा संपर्क नको. मला पुढची पाच वर्षं चाचण्या घेता येणार नाहीत. हे सगळं मला मान्य होतं. शिक्षा झाली की माणसाला थोडं सुटल्यासारखं वाटतं, आणि तेवढं सुटणंही मला परवडणारं नव्हतं हे नंतर कळलं.

रजा सुरू व्हायच्या आधी मी कुपवाडला गेले. या वेळीही उभ्यानेच बोलले, समोरच्या दारातल्या बायकांना ऐकू जाईल असं. "आनंदराव, मी त्या दिवशी बोलले ते सगळं चूक होतं. शालनताईंची ही अवस्था माझ्या बोलण्यामुळे झाली. तुमचा काही दोष नाही." शालनताई हा शब्द तोंडात नवा होता, अडखळला.

आनंदा रागावतील, चार शब्द सुनावतील, म्हणून मी तयारीने गेले होते.

"म्हंजी माज्याकडनं काय झालं न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं.

"नाही. काही नाही."

ते तिथेच पायरीवर बसले आणि उपरण्याने तोंड पुसत राहिले. मला कुठे बघावं कळेना. मी समोरच्या बायकांकडे बघितलं तर त्या आत गेल्या होत्या.

वीण आज सगळीकडे मिळते. अल्ट्रासाऊंडपेक्षा ती सरस आहे हे आमच्या चाचणीने सिद्ध झालं, फक्त अहवालावर माझं नाव नाही. तिच्या अर्जावर आता एक प्रश्न छापलेला असतो. 'पुढचे एकवीस दिवस आपण कुणाच्या सहवासात असाल?' माझ्या दवाखान्यात बायका तो रकाना हसत हसत भरायला घेतात आणि मध्येच थांबतात. काही जणी रकाना कोरा ठेवून कागद परत देतात आणि अल्ट्रासाऊंडच करा म्हणतात. एका कंपनीची मॅनेजर बाई तर आपल्या ऑफिसातल्या एकाही मुलीने वीण करू नये म्हणून हटून बसली. मी तिला काय बोलणार.

तेव्हा शालनताईंची रजा संपल्यावर, बाविसाव्या दिवशी, कागद बंद करायला मला मिरजेला बोलावलं होतं. तिथल्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर नाझनीनने नवा फोटो पडद्यावर लावला. पन्नाशीला आलेल्या एका बाईचा चेहरा होता. दोन्ही बाजू एकमेकींशी जुळत होत्या. डोळ्यांच्या कडेला मिस्किलपणा, ओठ मिटायच्या बेताला थांबलेले, आत्ता काहीतरी टवाळ बोलेल असा. घरातली हसवणारी बाई असते ना, तसा.

"फोटो चुकलाय," मी म्हटलं. "ही कोण?"

"बावीस नंबर, मॅडम."

मी पुन्हा बघितलं. कानातल्या कुड्या ओळखीच्या होत्या. चेहरा मी अकरा वर्षांत कधी बघितला नव्हता. ती बाई विनोदी आहे हे मला माहीत नव्हतं.

बाहेर आले तर व्हरांड्याच्या टोकाला बाकावर दोघं नवरा-बायको बसली होती. शालनताई नातीची नक्कल करत होत्या, हात उडवून, गाल फुगवून. आनंदा गुडघा धरून हसत होते. मला वाटलं जवळ जावं, चार चांगले शब्द बोलावेत, निदान चेहरा छान झालाय एवढं तरी म्हणावं. मी दोन पावलं टाकली.

शालनताईंनी मला बघितलं. हात खाली आले. त्या उठून उभ्या राहिल्या आणि पदर सारखा केला. भुवयांचे आतले कोपरे वर गेले, ओठ आत ओढले गेले. त्याला कुठलंही यंत्र कारण नव्हतं.

"बसा, शालनताई," मी लांबूनच म्हटलं.

"न्हाई, ऱ्हाऊ द्या मॅडम," त्या म्हणाल्या, आणि उभ्याच राहिल्या.

मी काही बोलले असते तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, माफही केलं असतं, आणि तेवढा वेळ तो चेहरा तसाच राहिला असता. मी मान हलवली आणि वळले. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला मागचा जिना होता. त्या खाली बसल्या की नाही हे बघायला मी मागे वळले नाही. जिना उतरताना मला रडू आलं, ते स्वतःसाठीच आहे हे कळल्यावर त्याचीही लाज वाटली.